पऱ्हाटीचा ढीग

तळ्याकाठच्या आमच्या वस्तीत साप निघाला, की तो धरायला चिखली रोडवरच्या सायकल दुरुस्तीवाल्याला बोलावतात. तो सापालाही "चाल बे" म्हणतो, आणि काम झाल्यावर चहा मागतो तो चुलीवरचाच.

पत्नी गेली त्या उन्हाळ्यात आमच्या परसातल्या पऱ्हाटीत नाग शिरला. बीटी कपाशी आल्यापासून वेचणीनंतर तिची वाळकी झाडं, म्हणजे ही पऱ्हाटी, सरपणाला मुबलक मिळत. पेंढ्या बांधून हा ढीग पत्नीनेच रचला होता. मी त्याला हात लावला नव्हता.

"पेटवून द्या, मास्तर," शेजारी म्हणाले.

"काऊन पेटवता? बाजूले व्हा," म्हणत सायकलवाल्याने एकेक पेंढी उचलून अंगणात ओळीने मांडली. तळाशी नाग फणा काढून बसला होता.

"चाल बे, घर खाली कर."

नाग बरणीत गेला. लोक पांगले. तो मात्र खाली विटा मांडून पेंढ्या पुन्हा रचू लागला. बुडखे भिंतीकडे, शेंडे बाहेर, अगदी ती रचायची तसे.

"कशाला एवढं?" मी म्हणालो.

"भाभीच्या हातच्या गाठी हायेत, मास्तर. एकबी सुटू देली नाही म्या."

मग हात धुऊन त्याने चुलीवरचा चहा मागितला. मी वरची पेंढी उचलली आणि तिची गाठ सोडली.