रिकामं म्हणण्याआधी
आमच्या गोळीबाराच्या मैदानावर सगळे त्यांना करंगळीबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर 'ताई' म्हणायचे, कारण ताईंची जीभ मोठी तिखट होती. पहारेकऱ्यांचा सराव संपला की प्रत्येक पिस्तूल त्यांच्या टेबलावर यायचं. नळी मातीच्या बांधाकडे, बोट चापापासून लांब. ताई आधी गोळ्यांचं मॅगझिन काढायच्या, पिस्तुलाची वरची स्लाइड मागे ओढून अडकवायच्या, जिथे गोळी बसते त्या चेंबरमध्ये डोकावायच्या आणि शिवाय करंगळीचं टोक आत घालून चाचपायच्या. मगच तोंडातून शब्द निघायचा, "रिकामं."

लक्ष्याचे कागद बदलायचं काम माझं. शेवटचं 'रिकामं' ऐकलं की खळीचा डबा उचलून मी बांधाकडे निघायचो, सगळ्या नळ्यांकडे पाठ करून. एरवी मी घराचं कुलूप दहादा ओढून बघणारा माणूस. पण तिथे कधी मागे वळून पाहिलं नाही.

ताईंच्या डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं होतं. डोळ्यांची नस सुकत चालली होती आणि त्यावर इलाज नव्हता. हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. "साहेबांना सांगून टाका," म्हणून मी भुणभुण लावली, तर माझ्यावरच खेकसल्या.

"आणि मग? टेबलावरून उठवतील, क्वार्टर काढून घेतील. म्हाताऱ्या आईला घेऊन कुठे जाऊ, तुमच्याकडे? करंगळीला कळतंय तोवर चालू द्या, भाऊ."

करंगळीला कळत होतं हे खरंच. म्हणून मीही गप्प बसलो.

मग ती नवी छोटी पिस्तुलं आली. साध्या कपड्यातल्या पहारेकऱ्यांसाठी, शर्टाखाली लपणारी. कंपनीचा माणूस नव्या जावयाच्या रुबाबात आला होता. चेंबरमध्ये गोळी असली की वर एक बारीकशी पिन उचलली जाते, ती बोटाला लागते, आता चाचपायची कटकट नको, असं त्याने सांगितलं.

ताईंनी पिनेवरून बोट फिरवलं. "छान आहे. पण मळ साचून खालीच अडकली तर?"

तो नुसता हसला. तिथेच माझ्या डोक्यात गेला तो.

त्याच सकाळी सराव झाला आणि पहिलं पिस्तूल टेबलावर आलं. ताईंनी मॅगझिन काढलं, स्लाइड अडकवली, आत पाहिलं. मग करंगळी घातली. फट एवढीशी, करंगळी कडेलाच अडली. त्यांनी पिस्तूल उजेडाकडे धरलं, नळी बांधाकडेच ठेवून मान वाकडी करून पुन्हा पाहिलं. त्यांना दिसत नाहीये, हे मी ओळखलं. बाकीच्यांना काहीच कळत नव्हतं.

"ताई, पिन खाली आहे," शिकवणारे सर म्हणाले. "म्हणा आणि मोकळ्या व्हा. ऊन चढतंय."

मी डबा उचलून तयारच होतो. ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पिस्तूल तसंच उघडं टेबलावर ठेवलं आणि मागे सरकल्या.

"दुसऱ्या कुणालातरी बघायला सांगा, सर. माझे डोळे अधू झालेत. बोट आत जात नाही. मला सांगता येणार नाही."

शेवटी पुढे उभी असलेली एक पहारेकरीण आली, तिने वाकून नीट पाहिलं आणि म्हणाली, "रिकामं आहे."

पुढचं सगळं ताई म्हणाल्या होत्या तसंच झालं. तपासणी, कागद, क्वार्टर सोडायचा हुकूम. दूरच्या बहिणीने एक खोली देऊ केली. सामान हलवायला मी गेलो, तेव्हा आई उघड्या खाटेवर बसून "आता कुठे जायचं गं?" असं पुन्हा पुन्हा विचारत होती. मला ते ऐकवेना.

"रिकामंच होतं की हो, ताई!" मी ओरडलोच. "एक शब्द म्हटला असता तर हे घर राहिलं असतं!"

ताई भांड्यांच्या गाठोड्याला गाठ मारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी म्हटलं असतं, तर तुम्ही निघाला असतात बांधाकडे?"

"निघालोच असतो. त्यात विचारायचं काय?"

"मग मी कसं म्हणणार होते?"

मी आईचा हात धरला आणि तिला सावकाश पायऱ्या उतरवू लागलो.