पौषातला धूर

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. त्या तपासणीचा दिवस मी निवडला होता. आणि कोणता दिवस निवडावा हे ज्यांनी मला शिकवलं, त्यांच्याच अर्जावरून ती तपासणी व्हायची होती.

खालापूर तालुक्यातल्या एका कारखान्यात मी तेव्हा हेडक्लार्क होतो. खालच्या वाडीतले एक म्हातारे शेतकरी कँटीनला दूध घालायचे. सगळे त्यांना बाबा म्हणत. किटली उतरवली की ते फाटकाशी उकिडवे बसून बिडी पेटवत, पण लगेच ओढत नसत. नुसती धरून धुराकडे बघत.

"आज बसलाय धूर," म्हणत. नाहीतर, "आज उठलाय."

आमच्या साहेबांच्या खोलीत हवेचा दाब दाखवणारं एक पितळी यंत्र होतं. एकदा मी ते बाबांना दाखवलं. त्यांनी निरखून पाहिलं आणि विचारलं, "ह्येला बिडी वढता येते का?"

हवा ओळखायला मी त्यांच्याकडून शिकलो. तुम्ही त्या भागात राहिला असाल तर पाहिलंच असेल. थंडीत तिन्हीसांजेपासून घाटावरचा गारवा उतरतो आणि खालच्या खाचरांत साचून राहतो. डोंगराआडून ऊन यायला उशीर. तोवर चुलीचा धूरसुद्धा कौलांवरून हलत नाही. "आमी वाटीच्या तळाला, भाऊसायब. वरून गारव्याचं झाकान." फाल्गुन सरत आला की दुपारी खाडीकडचा वारा सुटतो आणि सगळा धूर उचलून घाटाकडे नेतो. "मंग तुमची चिमणी काय बी वकू दे, आमाला वास नाय."

त्यांच्या बायकोला दमा होता. मी वाडीत गेलो की चहा घेतल्याशिवाय ती सोडत नसे. "तोंड का उतरलं रं भावा? बायकोनं डबा दिला नाय वाटतं," अशी चेष्टा करायची. त्या पौषात आमच्या चिमणीचा पिवळसर, घशाला झोंबणारा धूर रोज सकाळी वाडीवर बसू लागला. ती ओटीवर गुडघ्यांना हात टेकून बसायची. एकेका श्वासाला खांदे कानांपर्यंत जायचे. बाबांनी अर्ज लिहवून घेतला: थंडी आहे तोवर येऊन बघा. खाली अंगठा.

जिल्ह्याहून आम्हाला पत्र आलं, पाहणीसाठी सोयीचा दिवस कळवा. साहेब मला एवढंच म्हणाले, "तुम्हीच बघा." काय बघायचं, ते मी ठरवलं. कामाची सबब सांगून मी चैत्रातली एक दुपार कळवली.

चैत्रात तिकडे राब भाजतात. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पाला, फांद्या पसरून पेटवून देतात. अधिकारी आले तेव्हा कारखान्याचा धूर वाऱ्यानं केव्हाच घाटाकडे नेला होता आणि खाली शेतोशेत राब धुमसत होते. बाबांचाही.

"हा धूर तुमचाच ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माजाच हाय, सायब. पन ह्यो चैतातला. पौषात राब कोन जाळतंय?" मग माझ्याकडे वळून ते हसले. "भाऊसायब, सांगा की ह्यांना. तुमाला समदं ठाव हाय."

मी म्हणालो, "धूर तर समोर दिसतोच आहे, साहेब."

बाबांचं हसू लगेच गेलं नाही. त्यांना वाटलं, माझं बोलणं अजून पुरं व्हायचं आहे.

त्रासाचं कारण शेतातला जाळ, असा अहवाल आला. पंचायतीत तो मोठ्यानं वाचून दाखवला. पुढच्या पौषात एका सकाळी, ऊन वाडीवर यायच्या आधी, ती गेली.

त्यानंतरच्या चैत्रात बाबांनी राब भाजलाच नाही. "बाबा, औंदा रोप देव टाकनार का?" लोक हसायचे. मी बांधावरून चाललो होतो, तर ते त्या कोऱ्या तुकड्यापाशी उभे.

"भाऊसायब, चाळीस वर्सं मीच जाळत आलो. तुमी शिकलेली मानसं. कागदावर लिवलंय तं खरंच आसंल. तिच्या छातीत माजाच धूर व्हता का वो?"

"चला बाबा," मी म्हणालो, "ऊन फार झालंय."

ते माझ्यामागून चालू लागले. पुढे लेकीकडे कशेळ्याला गेले आणि त्याच पावसाळ्यात वारले. कँटीनला दूध दुसऱ्या कुणाचं तरी येऊ लागलं.

आईला बापाच्या राबानं नेलं, असं ती लेक आजही सांगते म्हणे. कशेळ्याच्या बाजारात मी दोनदा उतरलो आणि दोन्ही वेळा समोरची परतीची एसटी धरली. तो धूर आमचा होता आणि ते मला ठाऊक होतं, हे तिच्या दारात उभं राहून सांगणं मी त्या घराला देणं लागतो. अजून दिलेलं नाही.