चौथ्या ग्रीनवरची येळवस

लातूरहून नांदेडकडे जाताना गावाबाहेर एक छोटं गोल्फचं मैदान आहे. हे निम्म्या लातूरला माहीत नाही आणि उरलेल्या निम्म्याला सांगून पटत नाही. पटवायचं काम मी मोठ्या हौसेनं करत आलो, कारण त्या मैदानाची देखभाल माझ्याकडे होती. आणि त्याआधी ते आमचं वावर होतं.

वडलांनी ते एका डाळमिलवाल्या मालकांना हसत विकलं. अट एकच घातली, पोराला तिथं नोकरी द्या. आता गंमत बघा. ज्या हराळीच्या मुळ्या वडील जन्मभर खणून बांधावर वाळत टाकायचे, तीच हराळी मी पगार घेऊन वाढवली. उन्हाळ्यात पहाटे बोअरचं पाणी द्यायचं, पावसाळ्यात गाजरगवत उपटायचं. थंडीत हराळी पिवळी पडली, की झेंड्याच्या भोकाभोवती जी बारीक कापलेली हिरवळ असते, ग्रीन म्हणतात तिला, तिच्यावर विलायती गवताचं बी टाकून वर चाळलेली रेती पसरायची. वडील एकदा बघायला आले. वाकून हिरवळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तण चांगलं आणलंस."

यंदा मालकांच्या मुलानं माझ्या जागी शिकलेला माणूस आणला. तिशीतला, नाशिककडचा, गवताचंच शिक्षण घेतलेला. मालकांचा मुलगा मला म्हणाला, तुम्ही बोलता फार छान, तुम्ही आता पाहुण्यांच्या स्वागताला बसत जा. घरी येऊन मी हा प्रसंग बायकोपुढं दोन्ही आवाजांत करून दाखवला. ती पोट धरून हसली. मला मात्र काहीच झालं नाही. दाताला इंजेक्शन दिल्यावर आपण गाल चाचपतो ना, तसं मी स्वतःला चाचपत होतो. गाल आपलाच, पण लागत काही नाही.

प्रश्न एकच होता, येळवशीचा. पुण्याकडच्यांसाठी सांगतो, येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर ओस पडतं आणि रानं भरतात. वावरात कडब्याची खोप करायची, आत पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील असं जेवण येईल त्याला वाढायचं आणि मग वावराभोवती आंबील शिंपडत फिरायचं. आमचे पांडव चौथ्या ग्रीनच्या कडेला बाभळीखाली होते. इतकी वर्षं कुणाला विचारावं लागलं नाही, मैदान माझ्याच हातात होतं. आता त्या नाशिककडच्या नव्या साहेबांना विचारायचं, तर काय म्हणून? आरशासमोर दोन-तीन तऱ्हांनी म्हणून पाहिलं, जमलं नाही. शेवटी न विचारताच निघालो.

साहेबांनी कामगारांची पहिली बैठक नेमकी त्याच सकाळी ठेवली होती. आदल्या दिवशी सगळे "हाव साहेब, हाव साहेब" म्हणाले होते. साहेबाला तोंडावर न्हाई म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, नुसतं यायचं नाही. आम्ही नवरा-बायको स्कूटरवर आंबिलीचं मडकं घेऊन पोचलो, तर यंत्रांच्या शेडपाशी साहेब एकटेच उभे.

"काका, एकही माणूस आला नाही," ते हळूच म्हणाले. "तुमच्यासाठी संप केलाय का सगळ्यांनी?"

काय सांगू! अशी भूमिका जन्मात एकदाच चालून येते. मी घसा खाकरला, मान तिरपी केली, नजर लांब लावली.

"कशाचा संप?" मागून बायको म्हणाली. "येळवस हाय. समदे वावरात गेले. ह्यांच्यापायी कोण उपाशी बसंल? तुमी बी चला जेवायला."

साहेब आले. मांडी घालून बसले, उंडे मोडून भज्जीत कालवून खाल्ले, आंबील मागून घेतली. मग हात धुऊन ग्रीनवर गुडघे टेकले आणि माती चिमटीत चुरून बघितली.

"काका, खाली पाणी मुरतच नाही. उन्हाळ्यात ही सगळी उकरावी लागेल. बाभूळ पण जाईल." मग पांडवांकडं बघून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हे तुम्ही सांगाल तिथं ठेवतो. कुठं ठेवू?"

माणूस मनापासून विचारत होता. मी नजर फिरवली. पाण्याची टाकी, शेड, गाड्यांची जागा, रेतीचे खड्डे. सगळं मीच उभं केलेलं. त्यात पाच दगडांपुरती जागा दाखवता येईना.

"आंबील शिंपायची ऱ्हायलीय, उठा," बायको म्हणाली.

मडकं घेऊन जुन्या बांधाच्या रेघेनं निघालो. बांध आता नाही, पण पाय वळायचे तिथं वळतात. वाटेत दोन खेळणारे काठ्या टेकून थांबले. एकानं विचारलं, "कसलं औषध मारताय?"

"विलायती आहे," मी म्हणालो. "महाग पडतं."

फिरून आलो तर बाभळीखाली नुसत्या ओल्या खुणा. बायकोनं पाचही दगड भाकरीच्या फडक्यात बांधून स्कूटरच्या डिकीत ठेवले होते.

"गॅलरीत तुळशीपाशी मावतेत," ती म्हणाली.

साहेबांनी फाटकापर्यंत येऊन हात जोडले. रस्त्याला लागलो. पहिल्याच गतिरोधकावर डिकी खडखडली.

"हळू चालवा की," बायको म्हणाली. "पांडव हायत मागं."

मी हळू चालवली.