दोन माणसं, एक कोयता

दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस, सकाळची वेळ. रक्कम सत्तर हजार रुपये, पाचशेच्या एकशे चाळीस नोटा. आमच्या ओसरीवर हजर पाच जण: मुकादम, शेजारचं जोडपं, माझे यजमान आणि मी.

शेजारचं घर शेळ्या राखणारं. गडी उन्हाळ्यात येलदरीच्या धरणात मासे धरायचा आणि दसरा झाला की बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा. त्या वर्षी मुकादमाने समुद्रकाठच्या एका शेडचं काम आणलं होतं. तिथे झिंगे सोलून, बर्फात घालून परदेशात पाठवतात. सासू शेळ्यांपाशी राहणार होती.

बचत गटाचा हिशेब मी लिहिते, म्हणून उचलीचा, आगाऊ पैशाचा, कागदही लोक माझ्याकडूनच लिहून घेतात. नोटा मी दोनदा मोजल्या.

"वहिनी, आणिक मोजल्या तर झिजतील," मुकादम म्हणाला.

"झिजल्या तर चालतील, कमी नको भरायला."

सगळे हसले. मग मी सवयीने लिहिलं: एक कोयता, सत्तर हजार उचल, काम करून फेडायची. गड्याने सही केली. खाली साक्षीदार म्हणून माझी सही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचलही जोडीला एकच मिळते. पिढ्यान्‌पिढ्या असंच लिहीत आलो. झिंगे सोलायला कोयता लागत नाही, हे त्या सकाळी पाचांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

गुढीपाडवा झाला, ऊसतोडीची माणसं गावात परतली. हे दोघं आले नाहीत. मग एके दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"अक्का, कारखान्याचा पट्टा पडला की आमी घरी येत होतो. ह्यो समुद्राचा पट्टा कवा पडतो म्हणं?"

पट्टा पडणं म्हणजे हंगाम संपणं. थट्टेत बोलली, पण आवाज बसलेला होता. दिवसभर बर्फात हात, बोटांची कातडी निघालेली. दोघांची आधार कार्डं शेडच्या कपाटात. उचल फिटल्याशिवाय फाटकाबाहेर जायचं नाही. किती फिटली विचारलं तर मुकादम म्हणाला, सगळी फिटायला एकूण दोन वर्षं तरी लागतील.

दोन वर्षं कशी, ते मला पटेना. मी एकेक आकडा विचारत गेले. गड्याची रोजी चारशे. त्यातून दोघांचं जेवण, खोली, हातमोजे मिळून तीनशे दहा कापायचे. उरायचे नव्वद. सत्तर हजाराला नव्वदने भागलं तर सातशे सत्त्याहत्तर दिवस. हिशेब बरोबर होता.

"आणि तुझी रोजी?"

"माझी कुठली? मी त्याच्यासंगं हाय ना. एक कोयता."

फोन ठेवल्यावर मी उचलीच्या कागदाची नक्कल काढून पुन्हा वाचली. नोटा दोनदा मोजल्या होत्या. माणसं मात्र एकदाही मोजली नव्हती. शेडच्या हजेरीत तिचं नावच नव्हतं. तिने सोललेला माल परदेशात जात होता आणि सोलणारी बाई कागदावर कुठेच नव्हती. तो कागद माझ्या अक्षरातला.

यजमान एवढंच म्हणाले, "तू लिहिलंस, आता तूच निस्तर."

तिला फोन लावून म्हटलं, रोज संध्याकाळी किती किलो सोलले ते सांग. शेडमध्ये टोपली वजन करून घेत, त्यामुळे तिला आकडा ठाऊक असे. तीस दिवस वहीत लिहिले. तापाचे दोन दिवस शून्य धरूनही सरासरी बावीस किलो पडली. बाहेरून येणाऱ्या बायकांना किलोला चौदा रुपये मिळत, म्हणजे तिचे दिवसाला तीनशे आठ. तोवर कामाचे एकशे नव्वद दिवस भरले होते. गुणाकार अठ्ठावन्न हजार पाचशे वीस. त्यात गड्याचे सतरा हजार शंभर मिळवले तर उचल फिटून पाच हजार सहाशे वीस रुपये उलट त्यांचेच निघत होते.

शेडच्या भिंतीवर एक तक्ता होता, परदेशी खरेदीदाराने लावायला लावलेला: मजुरांनी तक्रार करायची तर हा नंबर. एरवी त्यावर पोती टांगलेली असत, तपासणीच्या दिवशी काढत. तिला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. तिने नंबर सांगितला, मी फोन केला. मग वही आणि कागदाची नक्कल घेऊन परभणीला कामगार कार्यालयात गेले.

अर्ज वाचून साहेबांनी चष्मा काढला. "बाई, हा कागद तुम्हीच लिहिलाय असं तुम्हीच लिहून देताय. उद्या तुमच्यावरही बोट येईल."

"येऊ द्या. चूक माझ्या अक्षरात आहे. पण वही तपासून घ्या, बेरीज चुकली नाही."

त्यांनी खरंच बेरीज करून पाहिली. म्हणाले, उचल देऊन माणसं अशी अडकवून ठेवता येत नाहीत, अशी उचल फेडायची गरजच नाही. त्यांनी तिकडच्या कार्यालयाला पत्र धाडलं. खरेदीदाराने शेडकडे सगळ्या मजुरांची यादी मागितली, आणि शेडच्या पाहणीत यादीत नसलेली बाई सापडल्यावर माल उचलणं थांबवलं. अर्ज दिल्यापासून सतराव्या दिवशी दोघांना आधार कार्डं परत मिळाली. त्याच पाहणीत आणखी अकरा बायकांची नावं पहिल्यांदा हजेरीत चढली.

जोडपं एसटीने परत आलं. सासूने सुनेचे हात आपल्या हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "बोटं धाच हायेत का बघायलेय." सून हसली. दुसऱ्या दिवशी शेळ्यांमागे गेली.

यंदा दसऱ्याला माझ्याकडून सहा कागद लिहून घेतले. प्रत्येकावर दोन नावं, दोन दर, परत यायची तारीख. एक मुकादम कुरकुरला, "असं कुणी लिहितं का?" दुसरीकडे लिहून घ्या म्हटलं. गेला नाही.

शेवटी मिळालं ते असं. उचल रद्द. गड्याच्या खात्यात सतरा हजार शंभर. अर्जातल्या एकशे नव्वद दिवसांपैकी तिचे वीस शेडने सुट्टीचे दाखवले. ते मला मान्य नाहीत, तसं पत्र दिलं आहे. उरलेल्या एकशे सत्तर दिवसांचे बावन्न हजार तीनशे साठ रुपये तिच्या एकटीच्या नावावरच्या खात्यात, तिला.