बोरिवलीच्या हळदीत मोतिया नऊवारी

कुडाळची बस मला पहाटे बोरिवलीला हायवेवर उतरवून निघून गेली, तेव्हा माझ्या एका पिशवीत कोकमं आणि खाजं होतं आणि दुसरीत नेसायला एकच धड साडी. धाकटी बहीण मंदा रिक्षा घेऊन न्यायला आली होती. तिने मला मिठी मारायच्या आधी पिशवीत डोकावून पाहिलं.

"ताई, मोरपंखीच आणलीस ना?"

"मग काय आणू?"

"वाट लागली! अगं, मागच्या तीन लग्नांच्या फोटोत तू त्याच साडीत आहेस. लोकांना वाटेल एकाच लग्नात तीनदा जेवलीस."

लग्न मंदाच्या मुलीचं, सायलीचं. लहानपणी तिचा अख्खा मे महिना माझ्याकडे जायचा. मला मुलगी नाही, आणि सायलीमुळे ते कधी फारसं जाणवलंही नाही. "पहिली हळद मावशीच लावणार," असं तिने साखरपुड्यातच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. त्यामुळे मला नीट दिसणं भागच होतं, आणि तेही माझ्या पर्सला झेपेल इतपत.

आंघोळ करून मी एकटीच निघाले. मेट्रोने अंधेरी गाठली. तिथल्या बाजारात साडी आवडली की किंमत आवडत नव्हती, आणि किंमत आवडली की साडी. एका दुकानातल्या मुलाने टिकल्यांचा लेहंगा माझ्या खांद्यावर टाकला.

"मॅडम, एकदम हिरोईन दिसाल."

"हिरोईनची आई म्हण रे."

तो प्रामाणिक निघाला. लगेच लेहंगा घडी करून ठेवला.

तिथून दुसऱ्या मेट्रोने घाटकोपर. उतरल्यावर आधी दाबेली (पावात गोडतिखट बटाटा, वर मसाल्याचे शेंगदाणे) खाल्ली. डोकं ठिकाणावर आलं. मग गल्लीतल्या एका पहिल्या मजल्यावरच्या दुकानात शिरले, तर तिथे लग्नाचे कपडे भाड्याने मिळत होते! मालकीणबाई गुजराती, पण मराठी फर्डं.

"विकत कशाला घेते, मावशी? एक दिवस घालायची, मग कपाटात पुरायची."

मला हे एकदम पटलं. "हळदीसाठी पिवळ्यात काहीतरी दाखवा."

"पिवळा सगळा बाहेर गेला. आजकाल हळदीला अख्खी मुंबई पिवळी होते ना." असं म्हणून तिने मोतिया रंगाची शिवलेली नऊवारी काढली. ही नेसायची नसते, परकरासारखी चढवायची आणि बाजूची चेन ओढायची. मी आरशात पाहिलं आणि चक्क लाजले. इतकी बरी मी माझ्या स्वतःच्या लग्नातही दिसले नव्हते.

"डाग पडला तर पूर्ण किंमत लागेल हां," ती म्हणाली. मी मान डोलावली. हळदीच्या कार्यक्रमाला जवळजवळ पांढरी साडी नेणारी बाई मी एकटीच असेन, हे त्या भरात सुचलंच नाही.

घरी पोचले तर मंदा फोनवर विहीणबाईंना सांगत होती, "ताईने खास नवीन घेतलीय हो!" म्हणजे भाड्याचं बोलायची सोय राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये हळद. सगळ्या बाया पिवळ्या, आणि त्यांच्यात मी मोतिया. दारातच एकीने हळदकुंकू पुढे केलं. मी मान लांब करून कपाळ दिलं, बाकीची मी हातभर लांब. मग नवऱ्याकडची उष्टी हळद (नवऱ्या मुलाला लावून उरलेली) आली. चांगली वाडगाभर, ओली, टपटपणारी.

"मावशी, ये ना गं!" सायलीने पाटावरून हाक मारली.

"आधी आई लावू दे."

आई झाली. "आता आत्या लावू दे." आत्याही झाली. मी खांबामागे सरकले.

आपल्याकडे लग्नात कुणीतरी रुसल्याशिवाय घरच्यांना चैन पडत नाही. या लग्नात ती जागा अजून रिकामी होती, ती मला मिळाली. मनधरणीला आधी पुढची खुर्ची आली. मग जिलबीची बशी. मग एक काकू ओटी भरायला आल्या, त्यांच्याही बोटांना हळद! मी नको नको म्हणत उठले. शेवटी विहीणबाई स्वतः आल्या. "आमच्याकडून काही चुकलं का हो?" म्हणत त्यांनी दोन्ही पिवळे हात पुढे केले आणि मी चक्क मागे उडी मारली. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मंदाने मला कोपऱ्यात ओढलं. "ताई, काय चाललंय तुझं?"

"डाग पडेल गं. भाड्याची आहे."

तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं बाई! पण आता बोलू नकोस हां. माझी लाज जाईल."

आणि तेवढ्यात सायली पाटावरून उठून आली. तोंडभर हळद, आणि डोळ्यांतलं पाणी त्यातून वाट काढत खाली उतरत होतं.

"मावशी, तुला न विचारता मी मुलगा ठरवला म्हणून ना? तुला तो आवडलाच नाही ना?"

मंदाची लाज गेली खड्ड्यात.

"अगं वेडे, मुलगा झकास आहे! साडी भाड्याची आहे माझी!"

हे हॉलभर ऐकू गेलं. मी वाडग्यात हात घातला आणि तिच्या दोन्ही गालांना हळद फासली. तिने हसत-रडत मला घट्ट मिठी मारली, दोन्ही ओले पंजे माझ्या पाठीवर.

विहीणबाई वाकून माझ्या कानाशी आल्या. "दुकान कुठलं हो? मला रिसेप्शनला हवीय." मंदाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

लग्नाला मी माझी मोरपंखीच नेसले. मग घाटकोपरला जाऊन पूर्ण किंमत भरली. मालकीणबाईंनी पाठीवरचे पंजे पाहून एवढंच विचारलं, "नवरीचे?" मी हो म्हटलं. त्यांनी नऊवारी छान कागदात बांधून दिली.

कुडाळला परत येताना वाटभर विचार करत होते. मुंबईत थोडक्या पैशांत नटता येतं, बायांनो, खुशाल नटा. भाड्याने आणा, मागून आणा. पण जिने येऊन बिलगावं असं वाटतं, ती धावत आली तर मागे सरकावं लागेल, असं काही अंगावर घालू नका. मी खांबामागे असताना सायलीच्या मनात काय काय येऊन गेलं असेल, ते आठवलं की मला अजून कसंतरी होतं.