पत्तीअण्णांचा कोरा चहा

पत्तीअण्णांच्या चहा-भुकटीच्या दुकानात ‘कडक’ हा शब्द काढायची सोय नव्हती. “कडक पायजे तर भुकटी न्या. पत्तीचा जीव घेऊ नका,” असं ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत. सोलापुरात चहा म्हणजे भुकटी, दूध, साखर आणि विटेचा रंग येईपर्यंत उकळी. अण्णांचं पोटही त्या भुकटीवरच चाले. पण मागच्या फळीवर लांब पानाच्या काळ्या पत्तीचा एक डबा कायम असे. वर्षभरात तो निम्माही खपत नसे, आणि खपे तोही बराचसा अण्णाच पीत. नाव पडलं ते त्यावरूनच.

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान शेजारीच. दुपारी चारला हाक यायची, “या की हो, पाणी उकळलं!” कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात पांढरी बंडी. पत्तीवर पाणी ओतून अण्णा वर बशी झाकत आणि डोळे मिटून एकशेआठ वेळा ‘ॐ नमः शिवाय’ म्हणत. मगच गाळत. “अण्णा, एखादं घड्याळ देऊ का?” असं मी एकदा विचारलं. “घड्याळ मागं पडतंय. तुमचं दुकान त्याच्यावरच चालतंय की!” म्हणाले.

दूध नाही, साखर नाही. मला तो चहा काढ्यासारखा लागे. पण इतक्या मायेनं दिलेलं नाही कसं म्हणायचं? एक घोट घेऊन मी “वा!” म्हणायचो, आणि अण्णा अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकाशी कानडीत बोलायला वळले की पेला गटारीत रिकामा करायचो. वीस वर्षं हे चाललं. सांगताना लाज वाटते.

मग साथीच्या तापात अण्णांना वास येईनासा झाला, तो परत आलाच नाही. आणि नेमकी तेव्हाच गावाची जीभ बदलू लागली. कुणाची डॉक्टरांनी साखर तोडलेली, कुणाला दूध सोसत नव्हतं, पुण्याहून परतलेली पोरं तर आपणहून पत्ती मागू लागली. अण्णा जन्मभर ज्याची वाट बघत होते ते दारात आलं, आणि त्यांना चव कळेना. व्यापाऱ्यानं चार नमुने धाडले. अण्णांनी चार पेले माझ्यापुढं मांडले. “तुमची जीभ वीस वर्सं मुरलेली हाय. तुमी सांगाल ती पत्ती घेतो.”

मी पडलो अस्सल सोलापूरकर. सगळ्यांत गडद रंगाचा पेला दाखवला.

महिनाभरात लोक पत्ती परत आणू लागले. शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, “अण्णा, ही नुसती कडू आहे हो.” अण्णांनी फळीवरचा डबा खाली काढला. “जीभ तुमची चुकायची न्हाई. साठवण्यात माझाच हात चुकला,” एवढंच बोलले. ते स्वतःला दोष देत बसलेले मला बघवेना. मी सगळं कबूल केलं, गटारीसकट.

अण्णांनी डबा परत फळीवर ठेवला. मग म्हणाले, “म्हंजे वीस वर्सं मी एकटाच पीत होतो की.” रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी चारला हाक आली नाही. मी आपणच जाऊन बसलो. अण्णांनी पाणी ठेवलं, पेला पुढं सरकवला. “आज गिळायचं. मग बोलायचं.” दोन महिने मी रोज गिळत होतो. कडवटपणा ओसरला की जिभेच्या मागं एक हलका गोडवा उरतो, हे मला साठीच्या घरात कळलं. मग त्याच नमुन्यांतली, फिका रंग उतरणारी पत्ती मी निवडली. त्या बाईंनी ती नेली आणि आठवड्यानं आणखी मागायला आल्या.

गेल्या वर्षी अण्णांनी अंथरूण धरलं, ते सोडलंच नाही. चारला आता मीच चहा करून त्यांच्याकडं पेले घेऊन जायचो. ते विचारायचे, “कसा झालाय?” एकदा पेला संपवून मी म्हणालो, “अण्णा, आज बिघडला. पत्ती पाण्यात फार वेळ राहिली.”

त्यांनी माझा हात हातात घेतला.

“असं पयल्या दिवशी बोलला असता,” म्हणाले, “तर तुमच्यासाठी दूध ठिवलं असतं की मी.”