बारा वर्षे आणि मुक्कामाची गाडी

प्रथम घटनाक्रम, आणि प्रत्येक घटनेस जबाबदार असलेल्या व्यक्ती.

दिवाळीनंतरचा पहिला शुक्रवार: चित्रपट प्रदर्शित झाला. जबाबदार, दिग्दर्शक. त्यानंतरचा रविवार, दुपारचा खेळ: माझी थोरली बहीण, जिला मी आक्का म्हणतो, तो चित्रपट पाहण्यासाठी निपाणीहून बेळगावला आली. जबाबदार मी, कारण तिकिटे मी काढली आणि तिला आणायला मोटारही मीच पाठवली. त्याच रविवारी, दिवेलागणीच्या सुमारास: आक्काने मला खोटारडा ठरवले आणि माझ्याशी बोलणे बंद केले. या तिसऱ्या घटनेस जबाबदार कोण, हे निश्चित करण्यात माझा सबंध हिवाळा गेला. त्याची ही कैफियत.

चित्रपटाची मूळ गोष्ट आमच्या पिढीतल्या प्रत्येकास ठाऊक आहे. राक्षस एका मुलीला पळवतो आणि सात समुद्रांपलीकडच्या फुलबागेत कोंडून ठेवतो. तिचा धाकटा भाऊ तिला सोडवायला निघतो. वाटेत एक मायानगरी लागते. पुढे बाग, राक्षसाचा वध, बहिणीची सुटका. या गोष्टीवरचा जुना चित्रपट मी शाळकरी वयात निपाणीच्या फिरत्या सिनेमाच्या तंबूत पाहिला, आणि एकदा नव्हे, तो मुक्कामाला होता तोवर दर आठवड्याला पाहिला. आम्ही तेव्हा निपाणीजवळच्या बोरगावला राहत असू. आई अंथरुणाला खिळलेली होती, त्यामुळे स्वयंपाकघर सोडून आक्काला कुठे जाता येत नसे. मी चित्रपट पाहून यायचो आणि ती भाकऱ्या थापत असताना तिला तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचो. मायानगरीच्या वेशीवर भाऊ क्षणभर थांबतो, आत डोकावतो, आणि तडक बहिणीकडे जातो. बागेत पोचतो तेव्हा त्याला छातीपर्यंत दाढी असते. ही दाढी का, असे आक्काने विचारले होते. राक्षसाने ओळखू नये म्हणून केलेले वेषांतर, असे मी सांगितले. तिला ते पटले. मलाही ते तितकेच पटलेले होते.

या 'तडक' शब्दाने पुढे माझ्यावर साठ वर्षे राज्य केले. आक्काचे लग्न होऊन ती निपाणीला गेली, मी बेळगावला कोर्टात नोकरीस लागून शिरस्तेदार झालो, म्हणजे खटल्यांच्या कागदपत्रांचा सगळा कारभार माझ्या हाताखाली आला. पण दर रविवारी मी आक्काकडे हजर असे. उशीर झाला की ती दारातूनच म्हणायची, "त्यो सात समुद्र ओलांडून तडक आला, आणि तुला तवंदीचा घाट जड हुतो व्हय रं?" यावर कोणताही युक्तिवाद चालत नसे. तिच्या यजमानांचे निधन झाले, तिची मुले परगावी गेली आली, माझा गुडघा बदलला, तरी तो रविवार मोडला नाही.

नव्या चित्रपटाची जाहिरात आली तेव्हा, जे तिने आयुष्यभर माझ्या तोंडून ऐकले ते एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढाच माझा हेतू होता. हेतू शुद्ध होता, हे नमूद करतो.

चित्रपटगृह भरलेले होते. पुढे कॉलेजची पोरे, मध्ये कंग्राळीकडून आलेले एक मोठे शेतकरी कुटुंब, आणि उजवीकडच्या रांगेत निपाणी भागातले आठ-दहा म्हातारे, जे खास जुन्या आठवणीसाठी जीप ठरवून आले होते. दिग्दर्शकाने कोट्यवधी खर्चून समुद्र असा उभा केला होता की कंग्राळीच्या एका आजींनी पाय वर घेतले. पोरे टाळ्या वाजवत होती. तोवर माझी काही तक्रार नव्हती.

मग भाऊ मायानगरीच्या वेशीवर आला, थांबला, डोकावला, आणि आत गेला. आत गेला तो बसला. त्याच्यापुढे ताटे आली. नाच झाला. दोन डोक्यांच्या सापाशी लढाई झाली, पुन्हा ताटे आली. बहिणीचे नाव तो पार विसरला. पडद्यावर ऋतू बदलू लागले, त्याची दाढी वाढू लागली, आणि एका गंभीर आवाजाने सांगितले की बारा वर्षे लोटली.

उजवीकडची रांग उभी राहिली. एक टोपीवाले गृहस्थ मागे वळून प्रकाशाच्या झोताकडे हात करत म्हणाले, "आरं ऑपरेटर, दुसऱ्या सिनेमाचं रीळ लावलंस का काय?" पोरे हसली. कंग्राळीच्या आजी आता पाय खाली सोडून त्या राजपुत्राशी थेट बोलत होत्या. "ऊठ की. जेवलास न्हवं? भैण बसलीया तिकडं." नातवाने त्यांना गप्प करायचा प्रयत्न केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "तू गप. तू बी असलाच निघशील." शेजारचे एक गृहस्थ मला सापाची दोन्ही डोकी संगणकावर कशी करतात ते समजावू लागले. मी त्यांना, मध्ये बोलू नये अशी तोंडी समज दिली.

चित्रपट संपल्यावर, मोटारीत बसताना, आक्काने एवढेच म्हटले. "ती दाढी खरीच हुती."

"आक्का, हे यानं घुसडलंय. मूळ चित्रपटात नव्हतं."

"तू मला साठ वर्षं खोटं सांगितलंस," असे म्हणून तिने मोटारीची काच वर केली, आणि मोटार निपाणीला निघाली.

चित्रपटगृहाच्या पायऱ्यांवर तोवर सभाच भरली होती. निपाणीकडचे म्हातारे एकमुखाने म्हणत होते की बारा वर्षांचा हा प्रकार जुन्यात नव्हता. तेवढ्यात माझ्या ओळखीचे एक निवृत्त वकील खाली उतरले. जन्म बेळगाव शहरातला. ते म्हणाले, "होतं हो, शिरस्तेदार. रीतसर होतं. आम्ही शाळा बुडवून पाहिलंय." अर्ध्या तासाच्या चर्चेत असे निष्पन्न झाले की निपाणीच्या वाटेवरच्या संकेश्वरच्या अलीकडे वाढलेल्या प्रत्येकाला ती बारा वर्षे आठवत होती, आणि पलीकडे वाढलेल्या एकालाही आठवत नव्हती. आमच्या भागाला सीमेचा वाद नवा नाही, पण गोष्टीच्या मधोमध रेघ ओढलेली मी प्रथमच पाहिली. वकिलांची साक्ष मी त्या वेळी वार्धक्यामुळे अग्राह्य ठरवली. ते माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत, हे मागाहून लक्षात आले.

सोमवारी सकाळी मी पहिले पत्र लिहिले. दिग्दर्शकांस: मूळ कथेत नसलेला विश्वासघात आपण एका भावाच्या माथी मारला असून, त्यामुळे प्रस्तुत अर्जदाराच्या कौटुंबिक लौकिकास बाध आला आहे, सबब पंधरा दिवसांत खुलासा व्हावा. दुसरे पत्र चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकांस, तिसरे वृत्तपत्राच्या संपादकांस. दिग्दर्शकांच्या कार्यालयाकडून मोबाइलवर उत्तर आले, 'आपल्या प्रेमाबद्दल आभार', सोबत हृदयाचे एक चित्र. मी प्रेम व्यक्त केले नव्हते, हे स्पष्ट करणारे चौथे पत्र पाठवले. त्यावरही हृदय आले. व्यवस्थापकांनी पुढच्या वेळी मक्याच्या लाह्या मोफत देण्याची तयारी दाखवली. संपादकांनी माझे पत्र 'वाचकांना आवडलेले चित्रपट' या सदरात छापले.

पुढच्या रविवारी निघण्यापूर्वी मी निपाणीला फोन केला. तो आक्काच्या सुनेने घेतला. आत काही बोलणे झाले, आणि ती संकोचाने म्हणाली, "मामा, त्या म्हणत्यात, बारा वर्षांनी या."

मी मोटार परत पाठवली. माझ्या आठवणीत तो पहिला रिकामा रविवार. दुपारी काय करावे हे मला समजेना, म्हणून मी दिग्दर्शकांना पाचवे पत्र लिहिले.

पण पत्राला पुरावा हवा. मी निपाणी, बोरगाव भागात फिरून, 'आम्ही खाली सह्या करणारे प्रतिज्ञापूर्वक सांगतो' अशा मायन्याखाली अकरा वृद्धांच्या सह्या जमवल्या. एकाने चित्रपटभर झोपलो होतो असे सांगून सही केली. बारावी सही मागायला गेलो त्या गृहस्थांनी पेन खाली ठेवले. "सह्या कशाला गोळा करतासा? तंबूतला ऑपरेटर जिता हाय की. तुमच्याच बोरगावात."

ऑपरेटर त्यांच्या अंगणात खाटेवर ऊन खात बसले होते. मी आल्याचे कारण सांगितले. त्यांना आनंद झाला. साठ वर्षांत त्यांना कोणी साक्षीला बोलावले नव्हते.

"न्हवतं दावलं," ते म्हणाले. "तुमचं खरं हाय."

मी वही उघडली. "म्हणजे मूळ चित्रपटात ते नव्हतं."

"हुतं की. डब्यात हुतं. आमी चालवत न्हवतो."

"का?"

"मुक्कामाच्या गाडीपायी." मुक्कामाची गाडी म्हणजे दिवसाची शेवटची बस, जी बोरगावला जाऊन तिथेच थांबे. ऑपरेटर सांगू लागले. पूर्वी ती गाडी खेळ सुटेपर्यंत निपाणीत थांबायची, कारण चालक स्वतः तंबूच्या मागे उभा राहून चित्रपट बघायचा. "सगळं चांगलं चाललंतं. मग कुणीतरी शान्यानं डेपोला कागद लिवला. गाडी येळंवर सुटत न्हाय, चौकशी करा. साहेब आला. गाडी ठोक्याला सुटाय लागली. शेवट यायच्या टायमाला निम्मा तंबू उठून पळायचा. मालक म्हणाला, आता लांब सिनेमा आला की मधलं एक रीळ गाळा."

"आणि या चित्रपटातलं तेच का गाळलं?"

"त्यात हाणामारी न्हवती, गाणं बी न्हवतं. नुसतं खाणं. गेलं तर कुणाला कळतंय?" ते हसले. "फकस्त दाढीनं घोटाळा झाला. पोरं इचारायची. आमी सांगायचो, वेश पालटलाय." मग थोडे पुढे झुकून म्हणाले, "त्यो कागद लिवणारा कोण, ते आजपतोर कळलं न्हाय. मालक मरस्तोवर त्याला शिव्या देत हुता. तुमाला हाय का काय ठावं?"

माझ्यापुढचा चहा मी सावकाश प्यालो. तो कागद मी लिहिला होता. माझ्या आयुष्यातली ती पहिली तक्रार. चित्रपट येण्याच्या आदल्या वर्षी लिहिलेली, वहीचे पान फाडून, दोन्ही बाजूंनी. ऑपरेटरांच्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कायदा कोणावर करीत नाही.

परंतु आक्कापुढे हा बचाव उपयोगाचा नव्हता. मी खोटे बोललो नाही हे सिद्ध करणारा एकच पुरावा होता, आणि तोच मला त्या बसच्या प्रकरणात दोषी ठरवत होता. ऑपरेटरांच्या जबानीचा अर्धाच भाग वाचावा, असा विचार मनात आला. कोर्टात मी अशी माणसे आयुष्यभर पाहिली आहेत. त्यांच्याविषयी माझे मत चांगले नाही.

न कळवता मी निपाणीला गेलो. आक्का ओसरीत शेंगा फोडत होती. मी पायरीवरच उभे राहून जबानी सबंध वाचली. शेंगा फोडण्याचा आवाज मध्येच थांबला, पुन्हा सुरू झाला.

"म्हंजे तू खोटं बोलला न्हाईस."

"नाही."

"त्यो कागद कुणी लिवलाता?"

"मी."

"का रं?"

"गाडी उशिरा पोचायची. तू माझं ताट झाकून, न जेवता बसायचीस. मला वाटलं, गाडी वेळेवर आली तर तू वेळेवर जेवशील."

आक्का हसू लागली. तिचे हसणे थांबेना, तेव्हा सून पाणी घेऊन बाहेर आली. पाणी पिऊन आक्काने मला बसायला पाट सरकवला.

"खोटं बोलल्याचा राग हुताच," ती म्हणाली. "पर त्यो दोन दिसात गेला. दुसराच राग जाईना. त्या थेटरात मी वाट बघत बसले. त्यानं जेवून घेतलं, नाच बघितला, साप मारला. म्हटलं, आता तिच्याकडं जातील. एकदा तरी दावतील, ती काय करतीया. न्हाय. एकदम शेवटाला दावली. केस तसंच काळं, लुगडं तसंच कोरं. बारा वर्षं ती त्या बागंत काय करत हुती? सैपाक कोण करत हुतं? बोलाय कोण हुतं? तुझ्या जुन्या शिनेमात तरी हुतं का?"

मी तिथूनच त्या वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, "नाही हो, शिरस्तेदार. ते कुठंच नव्हतं."

"मग हे लिव," आक्का म्हणाली. "हातभर पत्रं लिवतोस, आणि इचारायचं ते ऱ्हातंय."

सबब, माझी पहिली पाचही पत्रे मी येथे बिनशर्त मागे घेतो. तो प्रसंग दिग्दर्शकांनी घुसडलेला नाही. तंबूतल्या प्रेक्षकांचे जे रीळ बुडाले त्याचा दोष माझा, हे जाहीरपणे कबूल करतो. आता एकच प्रश्न उरतो, आणि तो दिग्दर्शकांनाच आहे, कारण त्यांच्याजवळ बारा वर्षे होती, समुद्र होता, सापाला दुसरे डोके लावण्याइतकी सवड होती. त्या बारा वर्षांत बहीण काय करत होती? याचे उत्तर माझ्या पत्त्यावर पाठवू नये, आणि हृदय तर मुळीच पाठवू नये. ज्या पडद्यावर भाऊ जेवला त्याच पडद्यावर, खेळ सुरू होण्यापूर्वी, सर्वांसमक्ष ते द्यावे. कोणत्या रविवारी देणार, तेवढे आधी जाहीर करावे. आक्काला निपाणीहून यायचे आहे.